जुनी, नवी की युपीएस? पेन्शनच्या पर्यायावर सही करण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : पोरगा तलाठी झाला, सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली, पुतण्या पोलिसात भरती झाला की गावात पेढे वाटले जातात. पगार किती, पोस्टिंग कन्नडला की सोयगावला, याची चर्चा पारावर आठवडाभर चालते. पण पेन्शन कोणती लागू आहे असं विचारलं तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, "सरकारी नोकरी आहे, पेन्शन असणारच." आज नोकरीत असलेल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे उत्तर अर्धंच खरं आहे. काहींना पेन्शनचा पर्याय स्वतः लिहून द्यावा लागतो, तोही मुदतीत आणि बहुतेक वेळा एकदाच. तो कागद भरला नाही किंवा चुकीचा भरला, तर त्याचा फटका कर्मचाऱ्यापेक्षा त्याच्या बायकोपोरांना जास्त बसतो.

या सगळ्या प्रकरणात एक तारीख पक्की लक्षात ठेवायची : १ नोव्हेंबर २००५.

या तारखेच्या आधी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ लागू आहेत. लोक जिला "जुनी पेन्शन" म्हणतात ती हीच. यात पेन्शनसाठी पगारातून काही कापत नाहीत. निवृत्तीला शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी रक्कम दरमहा मिळते, वर महागाई भत्ता मिळतो आणि पेन्शनर गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन चालू होतं. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे जीपीएफ, वेगळा.

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांसाठी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस आली. पुढं २०१५ पासून राज्याचे कर्मचारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये गेले. केंद्र सरकारनं हाच बदल आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २००४ पासून केला होता. त्यातून लष्कर, नौदल आणि हवाई दल वगळलं आहे. म्हणून एकाच भावकीत फौजेतून आलेल्या मोठ्या भावाला जुनी पेन्शन असते आणि सीआरपीएफमध्ये उशिरा लागलेला धाकटा एनपीएसमध्ये असतो. दोघंही वर्दीवालेच, पण नियम वेगळे.

एनपीएसमध्ये नेमकं काय होतं?

कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दर महिन्याला कापली जाते. सरकार आपला हिस्सा घालतं. तो आधी १० टक्के होता, राज्यानं १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के केला. समजा मूळ पगार ५० हजार आणि महागाई भत्ता २५ हजार, मिळून ७५ हजार. कर्मचाऱ्याचे ७,५०० आणि सरकारचे १०,५०० असे महिन्याला १८ हजार रुपये त्याच्या खात्यात जायला पाहिजेत. या खात्याचा जो कायमचा नंबर असतो त्याला "प्रान" म्हणतात. पैसा शेअर बाजारात, सरकारी रोख्यांत आणि कर्जरोख्यांत गुंतवला जातो. बाजार चढला तर वाढतो, पडला तर कमी होतो.

वय पूर्ण होऊन निवृत्त झाल्यावर साठलेल्या रकमेतून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात घेता येते. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून दरमहा उत्पन्न विकत घ्यावं लागतं, त्याला ॲन्युइटी म्हणतात. समजा ६० लाख जमले. ३६ लाख हातात आले, २४ लाखांची ॲन्युइटी घेतली आणि दर साडेसहा टक्के धरला, तर महिन्याला १३ हजार रुपये होतात. दर कंपनीप्रमाणं आणि निवडलेल्या प्रकाराप्रमाणं बदलतो. पण ॲन्युइटीला महागाई भत्ता लागत नाही, म्हणजे नेहमीच्या प्रकारात आज १३ हजार तर पंधरा वर्षांनीही १३ हजारच. तेव्हा गॅसची टाकी कितीला असेल हे कुणी सांगावं. कर्मचाऱ्यांची खरी दुखती नस ही आहे.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. एनपीएसचा पैसा कर्मचाऱ्याच्या नावावर असतो, निवृत्तीला मोठी रक्कम एकदम हाती येते आणि मुलांच्या शिक्षणासाठी, लग्नासाठी, घरासाठी किंवा आजारपणासाठी नोकरीत असतानाच स्वतःच्या हिश्श्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. ज्याला व्यवहार कळतो आणि ज्याचा हात आखडता आहे, त्याला हे सोयीचं वाटू शकतं. पण खेड्यात एकदम हातात आलेल्या ३६ लाखांचं काय होतं, हे समृद्धी महामार्गाच्या जमिनींचे पैसे आले तेव्हा वैजापूर-गंगापूरच्या गावांनी बघितलंच आहे.

संप झाला, मग काय बदललं?

१४ मार्च २०२३ ला "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यातले सुमारे १७ लाख कर्मचारी संपावर गेले. शाळा बंद, दवाखान्यात ताटकळत बसावं लागलं. त्याच दिवसांत मराठवाड्यात अवकाळी पाऊस अन् गारपीट झाली, गहू आडवा पडला आणि पंचनामा करायला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक कुणीच जागेवर नाही. शेतकऱ्यांचा राग तेव्हा रास्त होता. पण संपावर बसलेला तलाठीही कुठल्या तरी शेतकऱ्याचाच पोरगा होता, हेही तितकंच खरं. २० मार्चला संप मागं घेतला गेला. सरकारनं सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. सरसकट जुनी पेन्शन मिळाली नाही, पण त्यानंतर जे निर्णय निघाले त्यातूनच आजचे पर्याय तयार झाले. त्यांची एकमेकांत गल्लत होते, म्हणून एकेक वेगळा बघू.

पहिला निर्णय ३१ मार्च २०२३ चा. गवगवा कमी झाला, पण घरच्यांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा हाच. एनपीएसमधला कर्मचारी नोकरीत असताना वारला तर त्याच्या कुटुंबाला १९८२ च्या नियमांप्रमाणं कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळण्याचा मार्ग यातून मोकळा झाला. आजार किंवा अपंगत्वामुळं नोकरी सोडावी लागली तर रुग्णता निवृत्तिवेतन, आणि नियमित निवृत्तीला सेवानिवृत्ती उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, हेही लागू झालं. उपदानाची कमाल मर्यादा पुढं १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख करण्यात आली.

यात एक मेख आहे. कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायचं की एनपीएसमध्ये साठलेली रक्कम, याचा पर्याय कर्मचाऱ्यानं जिवंतपणी विहित नमुन्यात भरून द्यायचा आहे. समजा आठ वर्षं नोकरी झालेला शिक्षक दुचाकी अपघातात गेला. मूळ पगार ४० हजार होता आणि खात्यात १५ लाख जमले होते. बायको तिशीची, दोन लेकरं. कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय असेल तर सुरुवातीची काही वर्षं वाढीव दरानं मूळ पगाराच्या निम्मे, म्हणजे २० हजार आणि वर महागाई. नंतर ३० टक्के दरानं १२ हजार आणि महागाई. हे ती हयात असेपर्यंत नियमाप्रमाणं चालू. त्या बदल्यात खात्यातला सरकारी हिस्सा सरकारकडं परत जातो, कर्मचाऱ्याच्या कपातीचा हिस्सा घरच्यांना मिळतो. दुसरा पर्याय भरला असेल तर १५ लाखांचा हिशोब एकदा होतो आणि विषय तिथंच मिटतो. तरुण वयातल्या कर्मचाऱ्यासाठी दोन्हीतलं कोणतं बरं, हे आकडे बघून कुणालाही कळेल.

तरी कित्येकांनी हा नमुना भरलेला नसतो. "आपल्याला काय होतंय" म्हणून राहून जातं. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावायला आपण टाळाटाळ करतो, तसंच हेही. माणूस गेल्यावर घरच्यांनी कागद शोधण्यापेक्षा तो आधीच सेवापुस्तकात लागलेला असला की वादाला जागा राहत नाही. नोकरदाराच्या बायकोनं नवऱ्याला हा एक प्रश्न आजच विचारावा : नमुना भरला का, आणि त्याची पोच कुठं आहे?

जाहिरात आधीची, नेमणूक नंतरची

दुसरा निर्णय ४ जानेवारी २०२४ च्या मंत्रिमंडळ बैठकीतला. त्याचा शासन निर्णय २ फेब्रुवारी २०२४ ला निघाला. सरकारी कामाची गती सगळ्यांना माहीत आहे. जाहिरात २००४-०५ मध्ये निघाली, परीक्षा झाली, निवड यादी लागायला वर्ष गेलं आणि ऑर्डर हातात पडली तेव्हा १ नोव्हेंबर २००५ उलटून गेली होती. उशीर प्रशासनाचा, पण पेन्शन गेली कर्मचाऱ्याची. अशा, म्हणजे जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक त्या दिवशी किंवा नंतरची असलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन घेण्याचा एकवेळचा पर्याय देण्यात आला. राज्यात असे सुमारे २६ हजार कर्मचारी असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

शासन निर्णयापासून सहा महिन्यांत पर्याय द्यायचा होता. दिला तर तो अंतिम, दिलाच नाही तर एनपीएस चालू राहणार. पर्याय मान्य झाला की एनपीएसचं खातं बंद होतं, कर्मचाऱ्याचा हिस्सा जीपीएफच्या खात्यात आणि सरकारचा हिस्सा सरकारी तिजोरीत जातो. केंद्रानं असाच निर्णय ३ मार्च २०२३ ला घेतला होता. तिथं २२ डिसेंबर २००३ च्या आधी जाहिरात निघालेल्या पदांवरच्या लोकांना ३१ ऑगस्ट २०२३ पर्यंत वेळ होता.

ज्यांनी मुदतीत अर्ज केला त्यांचं काम त्यावर काय आदेश झाला हे लेखी मिळवण्याचं. आदेश झाला असेल तर पगारपत्रकात एनपीएसची कपात थांबून जीपीएफची सुरू झाली का, आणि आधी जमलेली रक्कम वर्ग झाली का, हे बघावं. नुसता आदेश फाइलीत असून भागत नाही. आणि या प्रकारात सगळा खेळ एका कागदावर असतो, तो म्हणजे जाहिरातीची प्रत. वीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचं कात्रण कुणाच्या ट्रंकेत सापडलं तर ते सोन्याहून पिवळं.

अनुदानित खासगी शाळांतल्या, २००५ च्या आधी नेमलेल्या पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेल्या शिक्षकांचा प्रश्न याहून वेगळा आहे. तो वाद न्यायालयात गेलेला आहे. त्यांनी वरचा निर्णय आपल्याला आपोआप लागू आहे असं समजू नये.

सुधारित योजना आणि युपीएस

तिसरा टप्पा उरलेल्या सगळ्यांसाठी, म्हणजे जाहिरातही नंतरची आणि नेमणूकही नंतरची असलेल्यांसाठी. १ मार्च २०२४ ला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली : शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ, तसंच पेन्शनच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावरही महागाई वाढ. यात कर्मचाऱ्याची १० टक्के कपात थांबत नाही. पुढं २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे युपीएस मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, राज्य मंत्रिमंडळानं ती राज्यात राबवायला मान्यता दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये वित्त विभागानं याचा शासन निर्णय काढला.

राज्य कर्मचाऱ्यांनी यातला पर्याय देताना भाषणातली "५० टक्के" ही एक ओळ ऐकून सही करू नये. पूर्ण ५० टक्क्यांना किती वर्षांची सेवा लागते, कमी सेवा असेल तर किती मिळतं, एनपीएसमध्ये साठलेल्या रकमेचं काय करायचं, हे शासन निर्णयात वाचूनच ठरवावं. पेरणीआधी बियाण्याच्या पिशवीची मागची बाजू वाचतो तसं. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि व्हॉट्सअपवर फिरणारी पीडीएफ खरी की बनावट हेही तिथंच ताडून बघता येतं.

केंद्राच्या युपीएसचे नियम इथं थोडे सविस्तर दिले पाहिजेत, कारण रेल्वे, टपाल खातं, सीआरपीएफ, बीएसएफमध्ये या जिल्ह्यातली भरपूर मुलं आहेत. ही योजना १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के आणि त्यावर महागाई. सेवा १० ते २५ वर्षं असेल तर त्या प्रमाणात. सरासरी मूळ पगार ६० हजार असेल तर २५ वर्षांना ३० हजार, १५ वर्षांना १८ हजार. किमान १० वर्षं झाली असतील तर १० हजारांच्या खाली येत नाही. १० वर्षांच्या आत सेवा असेल तर हमीची पेन्शन नाही.

शिवाय दर सहा महिन्यांच्या पूर्ण सेवेमागं पगार अधिक महागाई भत्त्याच्या एक दशांश रक्कम एकदम मिळते. पगार-भत्ता मिळून ९० हजार असेल तर २५ वर्षांचे ५० सहामाही टप्पे, प्रत्येकी ९ हजार, म्हणजे साडेचार लाख. ग्रॅच्युइटी वेगळी. कर्मचाऱ्याची कपात १० टक्केच. सरकार १० टक्के त्याच्या खात्यात आणि साडेआठ टक्के वेगळ्या सामायिक निधीत टाकतं. खात्यातून ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येते, पण जितकी काढली त्या प्रमाणात दरमहाची हमी कमी होते. फुकटात दोन्ही मिळत नाही.

युपीएसमधल्या तीन बारीक अटी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. २५ वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन लगेच सुरू होत नाही. नियमित निवृत्तीचं वय ज्या दिवशी झालं असतं त्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे पन्नाशीत घरी येऊन शेती बघू म्हणणाऱ्याला मधली वर्षं कोरडी काढावी लागतील. राजीनामा दिला किंवा बडतर्फी झाली तर हमीची पेन्शन नाहीच. आणि निवृत्तीनंतर पेन्शनर गेला तर ६० टक्के फक्त निवृत्तीच्या दिवशी कायदेशीर जोडीदार असलेल्यालाच मिळतात. जुन्या पेन्शनमध्ये अपंग अपत्य किंवा अविवाहित मुलगी यांना जे संरक्षण होतं, ते या हमीत नाही. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी या एका अटीसाठी तरी दहा वेळा विचार करावा.

पर्याय देण्याची मुदत आधी ३० जून २०२५ होती. ती ३० सप्टेंबर आणि नंतर ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत वाढवली. त्या मुदतीत जुन्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांनी पर्याय दिला नाही ते एनपीएसमध्येच राहिले. नवीन भरती झालेल्यानं रुजू झाल्यापासून ३० दिवसांत पर्याय द्यायचा असतो, म्हणून पोरगं ट्रेनिंगला गेल्याबरोबर फोन करून आठवण द्या. युपीएस घेतलेल्याला एकदाच एनपीएसमध्ये परत जाता येतं, तेही निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिने आधी. त्यानंतर पुन्हा युपीएस नाही.

एसटीचे आणि साखर कारखान्यांचे कर्मचारी या सगळ्यात येत नाहीत. त्यांना भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन योजना आहे. तिचा हिशोब १ सप्टेंबर २०१४ पासून जास्तीत जास्त १५ हजार पगार धरून होतो, म्हणून ३० वर्षं गाडी चालवूनही पेन्शन सहा-सात हजारांच्या आसपास अडकते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर वाढीव पगारावर पेन्शनसाठी मालक आणि कामगारानं मिळून संयुक्त पर्याय द्यायची सोय झाली होती, पण ती मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. ज्यांनी तेव्हा अर्ज केला त्यांनी त्याचा पाठपुरावा सोडू नये.

आता कामाचं. पर्याय कोणताही असो, अर्ज कार्यालय प्रमुखाकडं किंवा आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडं द्यायचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासाठी तो पंचायत समितीमार्फत जातो. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. "ठेवा तिकडं, बघतो" म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नये. पर्यायाची नोंद सेवापुस्तकात झाली की त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, एक प्रत बायकोच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाइलवरही पाठवावी.

प्रानच्या खात्यात लॉगिन करून दर महिन्याचे दोन्ही हिस्से पडतात का, हे वर्षातून दोनदा तरी बघावं. २००५ ते २०१५ च्या दरम्यान लागलेल्यांनी डीसीपीएसच्या काळातली कपात, सरकारी हिस्सा आणि व्याज एनपीएसमध्ये वर्ग झालं का हे जुन्या पगारपत्रकांशी ताडून पाहावं. फरक दिसला तर लेखी अर्ज द्यावा, तोंडी विचारणा कुठंच नोंदली जात नाही. खात्यावरचं नामनिर्देशनही तपासावं. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं आणि दोन लेकरं झाली तरी तेच राहतं. मग माणूस गेल्यावर सासू-सुनेत जे होतं ते गावात कुणाला सांगायची गरज नाही.

"तुमचा पेन्शनचा पर्याय अपूर्ण आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ कट करावा. पर्याय ठरलेल्या नमुन्यात किंवा अधिकृत पोर्टलवरच द्यायचा असतो, फोनवरून कुणी भरून घेत नाही.

अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा ताई, रोजगार सेवक यांना मानधन मिळतं. त्यांना यातली कोणतीच पेन्शन लागू नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ ला दिला आहे. दरमहा उत्पन्नासाठी मात्र त्यांच्यापुढं अटल पेन्शनसारख्या स्वतः हप्ता भरायच्या योजनाच आहेत. १८ ते ४० वयात बँकेत किंवा पोस्टात खातं उघडून त्यात नाव घालता येतं आणि साठीनंतर महिन्याला १ हजार ते ५ हजार मिळतात. आयकर भरणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून यात नव्यानं येता येत नाही. चाळिशीला आलेल्या ताईंनी वाढदिवसाच्या आत बँकेत जावं.